ताईची हळद आणि माझा पेपर

एमबीएच्या सीईटीतली ती कोडी मला मेली कधी सुटायचीच नाहीत. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसलीत, अमका तमक्याच्या शेजारी नाही, मग तिसरा कोण? "बसू देत कुठंही, माझं काय जातंय!" म्हणून मी पुस्तक भिरकावायचे. ताई हसायची. कोन गावातल्या आमच्या घरातून भिवंडीच्या कॉलेजात गेलेल्या आम्ही दोघीच, आणि फॉर्मही दोघींनी भरलेला.

लोडशेडिंगच्या वेळात ओटीवर बसून ताईनं टेबल मोडलं आणि हळदीची पंगत मांडली. "मोठी काकी आत्याशेजारी बसंल का? न्हाय. मग खोड तिला. आधी कोण कुठं बसणार न्हाय तेवढं बघ." घरातल्या बायकांची भांडणं मला तोंडपाठ होती! महिन्याभरात दहातली सात कोडी सुटायला लागली. ताईची दहाच्या दहा. बाबा रोज विचारायचे, "ताईएवढे मार्क आले का?" माझं डोकं फिरायचं.

त्यातच ताईचं लग्न ठरलं. भटजींनी काढलेला मुहूर्त नेमका परीक्षेच्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे शनिवारी हळद. अंगाला हळद लागली की आमच्यात नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही. ताई आत पाहुण्यांचा चहा करत होती. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पुढची तारीख मागू का गं? परीक्षा एवढी म्हत्त्वाची हाय का?"

एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले, "दर वर्षी असते ती. ताई पुढच्या वर्षी देईल."

ताईला वाटलं, परीक्षेचं बाबांच्या लक्षातच राहिलं नाही. दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला कोडी घालायला बसली.

रविवारी ठाण्याला जाऊन मी एकटीच पेपर देऊन आले. मुंडावळ्या बांधून बसलेल्या ताईनं मला जवळ ओढलं. "कोडी कशी होती? एखादं सांग ना." मला न सुटलेलं एक मी सांगितलं. तिनं डोळे मिटले, मेंदीच्या बोटांवर एकेक माणूस बसवला आणि उत्तर दिलं. "सोप्पं होतं गं बाय," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पाठवणीला मी एवढी रडले की बायकांना मला धरावं लागलं. आत्या सगळ्यांना सांगत होती, "बघा, केवढी माया बहिणीवर!" ताईनंही मला पोटाशी धरलं. ती परीक्षा तिनं पुढं कधीच दिली नाही. आणि बाबांना मी काय म्हणाले होते, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.