चिखलातला बारीक आवाज

आमच्या घरी मेटल डिटेक्टर आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग आवाज खाली आणून विचारतात, इथल्या जुन्या राजवाड्याच्या बाजूला कधी फिरवलाय का? नाही. पुरलेलं धन शोधायला बोलावणाऱ्यांकडे मी जात नाही. तो गुन्हा आहे, आणि बोलावणारी माणसं बहुतेक वेळा मूर्ख असतात.

मशीन माझ्या नवऱ्याचं. तो पाणीपुरवठ्याच्या एका कंत्राटदाराकडे फिटर होता. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं खाली गाडली जातात. ती हुडकायला कंत्राटदारानं हे मशीन आणलं होतं. पुढे त्यानं दुसरं घेतलं तेव्हा हे आमच्या घरी आलं. मग कुणाचं कानातलं अंगणात पडलं, कुणाची अंगठी कालव्याच्या पायरीवर गेली, की नवऱ्याला बोलावणं यायचं. रविवारी तो मोपेडवर मशीन बांधून निघायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. बोलावणी थांबली नाहीत, म्हणून मी जायला लागले. मी मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. वायर, सेल, चकती यांची मला भीती नाही.

अडचण वेगळीच निघाली. आम्ही मराठी, पण राहतो कावेरीकाठच्या तमिळ मुलखात. इकडे हरवणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ताली, इथल्या तमिळ बायकांचं मंगळसूत्र. शेतात राबणाऱ्या बायका ती साखळीत नाही, हळद लावलेल्या दोऱ्यात घालतात. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, कावेरीवर जाऊन दोरा बदलायचा, तो वर्षभर चालवायचा. म्हणजे आडीच्या आदल्या महिन्यात तो सगळ्यात झिजलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच भाताची लावणी असते. बायका दिवसभर ओणव्या. ताली पुढे लोंबू नये म्हणून पाठीवर टाकतात. दोरा तुटला तर कळतही नाही.

आणि शोधायला येणार कोण, तर विधवा.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पहिल्याच घरी मी वाकून चिखलात हात घालायला गेले तेव्हा एक म्हातारी पटकन म्हणाली, "तू नको अम्मा, तू जागा दाखव, आम्ही काढतो." मला ते सोयीचंच वाटलं. हात चिखलात घालायचे नाहीत, वाद नाही. तेव्हापासून माझी पद्धत ठरली. मी मशीनची चकती जमिनीवरून फिरवायची, आवाज आला की काठीनं खूण करायची, खणायचं घरच्या सवाष्णीनं. सापडलेली ताली मी आजवर हातात घेतलेली नाही.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत पापनाशमच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. घरात सासू, मुलगा आणि सून. लग्नाला दोन वर्षं झालेली. लावणी करताना सुनेची ताली गेली होती. मी पोचले तेव्हा सून बांधावर उभी होती, पदर गळ्याभोवती आवळून. मोकळा गळा लोकांना दिसू नये म्हणून.

सासू बोलायला मोकळी होती. "हिच्या भावाचं दुकान बसलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. (हे सगळं बोलणं तमिळमधलं, मी मराठीत लिहितेय.) "आठ दिवसांपूर्वी माहेरी जाऊन आली. आणि आज म्हणे ताली चिखलात पडली. चिखलाला बरी नेमकी वेळ कळते!"

"सकाळी गळ्यात होती," सून म्हणाली.

"कुणी बघितली?"

"तुम्हीच नाही का बघितली? मला म्हणालात, दोरा काळा पडलाय, बदल."

"दोरा बघितला. खाली काय लोंबतंय ते बघायला मी सोनार आहे का?"

बांधावरच्या दोघीतिघी हसल्या. मी मशीन चालू केलं. सुनेनं लावलेल्या पट्ट्यात, रोपांच्या ओळींमधून, दोन तास फिरले. सापडलं काय, तर विळ्याचं टोक, एक खिळा, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद. शेवटी कोपऱ्यात, पाणी आत घेतात त्या तोंडाशी, मशीन किंचित कुरकुरलं. नीट आवाज नव्हे. रेडिओचा काटा स्टेशनाच्या कडेला असताना येतो तसा. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसंच. मी काठी टेकवली. सासू वाकली, मनगटापर्यंत हात घालून चिखल ढवळला, हात वर काढून झटकला.

"काही नाही."

"जरा खाली बघा."

"खाली बघून झालं की. अम्मा, तुमचं मशीन काय म्हणतंय ते सांगा. आहे की नाही?"

मी स्वतः हात घालायला हवा होता. नवरा असता तर खांद्यापर्यंत घातला असता. मी घातला नाही. सवय झाली होती, आणि या बाईशी माझ्या हातावरून वाद घालायची इच्छा नव्हती. पाचची बस गाठायची होती. ओल्या चिखलात मशीन असं कधीकधी उगाच कुरकुरतं, हेही मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "इथं नाही."

सासूनं सुनेकडे बघितलं. माझं काम संपलं होतं, मी निघाले. महिन्याभरानं त्याच भागातल्या एका बाईकडून कळलं की पोरीला माहेरी पाठवलं. तिरुवैयारूला, भावाकडे. ताली विकून भावाला दिली, असं गावात ठरलं होतं. पुरावा काय, तर मशीन आणलं होतं, मशीन नाही म्हणालं.

माझी मुलगी चेन्नईला असते. ती वर्षभर माझ्या मागे होती. "आई, अपग्रेड कर. ते मशीन माझ्यापेक्षा मोठं आहे वयानं." मी टाळत होते. फिरतंय तोवर फिरवायचं, असा माझा स्वभाव. पण ही बातमी ऐकल्यावर मी त्रिचीच्या एका विक्रेत्याला फोन केला. त्यानं नवं मशीन चार दिवस वापरून बघायला दिलं. हलकं, पाण्यात चालणारं, आणि आवाजाबरोबर पडद्यावर आकडा दाखवणारं. लोखंडाला लहान आकडा, तांब्या-चांदीला मोठा, सोनं मधे कुठेतरी.

मी घरामागे एका टबात खाचरातला चिखल आणून भरला. चाचणीला सोनं हवं होतं. माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या कपाटात होत्या, वजनाला त्या तालीच्या जवळपास. त्या चिंधीत बांधून पुरल्या. चार बोटं खाली जुनं मशीन स्वच्छ वाजलं. सहा बोटांवर कुरकुरलं. वीतभर खाली पूर्ण मुकं. नव्यानं वीतभर खालीही आकडा दाखवला, तीनदा फिरवून तीनदा तोच.

शाळेत मी पोरींना शिकवते की उपकरण काय मोजू शकत नाही ते आधी लिहा. मी "इथं नाही" म्हणाले होते. म्हणायला हवं होतं की मशीनला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नवं मशीन घेऊन त्या गावात गेले. भात पोटरीला आलेलं. सासू दारातच म्हणाली, "आता शेतात पाऊल टाकू देणार नाही. कापणीनंतर या हवं तर. पण कशाला? तुम्हीच तर सांगून गेलात." मी मशीनचं सांगायला लागले, तोवर ती म्हशीकडे वळली होती. मी परत आले. त्या कोपऱ्यात आवाज आला होता, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी तिरुवैयारूला गेले. सुनेच्या भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन होतं आणि ती ब्लाउज शिवत होती. मला ओळखलं. "बसा अक्का," म्हणाली, पण पाय मशीनवरून काढला नाही.

मी तिला चाचणीचं सगळं सांगितलं. जुनं किती खोल, नवं किती खोल. कापणी झाली की पुन्हा शोधते म्हटलं.

"त्या दिवशी आवाज आला होता," ती म्हणाली.

"बारीक होता."

"होता ना? मी ऐकला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सासूकडे बघितलंत."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"नवं मशीन काय करणार, अक्का? आवाज जुन्यानंही दिला होता. तुम्ही फक्त जाऊन सांगा. चार बायकांसमोर सांगा की आवाज आला होता आणि कुणी नीट बघितलं नाही. बस."

"नुसतं सांगून कोण ऐकणार? हातात काही नको का?"

"तुम्ही नाही म्हणालात ते नुसतं सांगूनच ऐकलं की त्यांनी."

आतून भावजय ओरडली, "कॉफी घेतील का विचार." मी नको म्हटलं. बसमध्ये बसल्यावर माझं मत मात्र बदललं नाही. शब्दाला शब्दानं उत्तर दिलं तर सासू तो झटकून टाकेल. सोनं काढून हातात ठेवलं की कुणाला तोंड उघडता येणार नाही. मला त्या वेळी हे अगदी सरळ वाटत होतं. चौथ्या दिवशी त्रिचीला फोन करून सांगितलं, मशीन ठेवून घेते. मुलगी खूश झाली. "फायनली!" म्हणाली.

कापणीला अजून वेळ होता. या दिवसांत मी गावात एकदाही गेले नाही. जाऊन चार वाक्यं बोलायला बसनं पाऊण तास लागला असता. मी मशीनचं पुस्तक वाचत होते, टबात सराव करत होते.

कापणी झाल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचले. शेत बांधावरूनच बघितलं. विळ्यांनी नव्हे, पट्ट्यांवर चालणारं हार्वेस्टर आणून कापलं होतं. जमीन ओली असतानाच. ते वळताना कोपरे उलथेपालथे करतं, आणि पाणी घ्यायच्या तोंडाशीच ते आत आणलं होतं. तिथं हातभर रुंद चर पडले होते. वरची माती खाली, खालची कुठे, काही सांगता येत नव्हतं.

तरी सुरुवात तिथूनच केली. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, बाह्या वर केल्या आणि स्वतः खणलं. सासू बांधावर येऊन उभी राहिली. गल्लीतल्या बायका जमल्या. "पडदा आहे बघ, टीव्हीसारखा," एक म्हणाली. "आकडा येतो म्हणे. सोन्याचा वेगळा."

आकडे आले. प्रत्येक ठिकाणी खणलं. टॉर्चचा गंजलेला सेल, नटबोल्ट, जुनं एक पैशाचं नाणं, पुन्हा गोळ्यांचा चंदेरी कागद. कोपरा संपवून सगळा पट्टा केला, मग शेजारचाही. उन्हात चार तास गेले. सोन्याच्या आसपासचा आकडा एकदाही आला नाही.

मग मी बांधावर चढले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. लावणीच्या वेळी या कोपऱ्यात आवाज आला होता. खोल कुणी बघितलं नाही. मी हात घातला नाही, ती चूक माझी. इथं नाही असं मी म्हणाले, ते मला म्हणता येत नव्हतं. आणि आता हार्वेस्टरनं माती हलवली आहे, म्हणून आज सापडलं नाही यावरूनही काही ठरत नाही.

बायकांनी ऐकून घेतलं. सासू घाईत नव्हती.

"अम्मा, तुम्ही चांगल्या घरच्या आहात. उन्हात एवढं खणलंत. पोरीची दया येते तुम्हाला, ते कळतं." मग ती बाकीच्यांकडे वळली. "जुनं मशीन चुकलं असेल, मीही म्हणत होते मनात. आता नवं आणलं. पडद्याचं. त्यात जुना पैसासुद्धा सापडला. ताली तेवढी सापडली नाही!"

"पैसा वर होता, म्हणून—" मी म्हणाले.

"हो, हो," एक म्हातारी माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली. "थोडं ताक घे."

मी आणखी दोनदा समजावलं. जितकं समजावलं तितक्या त्या मायेनं माना डोलवत होत्या. सासूनं जाता जाता सांगितलं की मुलाचं दुसरीकडे बघायला सुरुवात केलीय, आजपर्यंत मनात थोडी शंका होती.

तशीच तिरुवैयारूची बस धरली. नखांत चिखल होता, साडीचा काठ कडक झाला होता. ती पुढच्या खोलीतच होती, मांडीवर कुणाचा तरी परकर घेऊन काठ दुमडत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सापडली नाही. सगळ्यांसमोर आवाजाचंही सांगितलं. मानलं नाही.

तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"आधी सांगितलंत की आधी शोधलंत?"

"आधी शोधलं."

"बरं," ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.