तळपायाचा तीळ

पुस्तकात छापावं इतकं माझं शिक्षण नाही. आमच्या घरात कॉलेजात नाव घातलेला मीच पहिला, तेही चाळिशीत, कतारला नोकरी करता करता. तरी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

बायकोच्या डाव्या तळपायाला, टाचेजवळ, तीळ होता. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती उठून आत जाताना माझ्या आईने तो हेरला. "तळपायाला तीळ हाय, पोरगी परमुलूख बघणार," ती तिथंच म्हणाली. पुढे मला कतारच्या हमद पोर्टवर, म्हणजे बंदरावर काम मिळालं, आणि आईचा शब्द खरा ठरला. तिथल्या अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको शेजारणींना पाय वर करून दाखवायची, "हा बघा माझा व्हिसा!"

मग तीळ पसरू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. त्याच सुमारास मला सुपरवायझर केलं. "बघा अहो, तो वाढतोय तशी तुमची बढती," ती म्हणाली. मीही हसलो. आईने गावी नारळ वाढवला.

मोज्याला रक्त लागलं तेव्हा कुठे दवाखाना गाठला. कधीपासून वाढतोय, असं डॉक्टरांनी विचारलं. ती मला मराठीत म्हणाली, "दोन दिवाळ्या झाल्या. आणि सांगा त्यांना, शुभ आहे, कापू नका." मी इंग्रजीत फक्त दिवाळ्यांचं सांगितलं.

त्वचेचा कर्करोग निघाला. तीळ काढून टाचेवर मांडीची कातडी लावली. जांघेतली एक गाठ तपासायला पाठवली. ती स्वच्छ निघाली तर गावी परत जायला मोकळे. नाहीतर इथेच राहून वर्षभर इंजेक्शनं, आणि ती लागू पडतीलच असं डॉक्टर म्हणेनात.

"समदा काढला का गं? वाईच ठेवायचा व्हता," आई फोनवर म्हणाली. तिच्यावर रागावणार कसा? त्या तिळाला आम्ही तिघांनीही जपलं होतं.

रिपोर्टच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. दुपारी यार्डात कंटेनर उतरत असताना बायकोचा फोन आला.

"आईंना सांगा, तीळ गेला तरी परमुलूख सुटत नाही म्हणावं."

"म्हणजे?" आवाजात मला नीट ऐकू येत नव्हतं. मी क्रेनपासून लांब गेलो.

"इंजेक्शनं घ्यायची आहेत. अहो, गाठीत उतरलंय."