राखणदाराला सांगितलेलं औषध

आत्येने तळहात पुढे केला आणि विचारलं, "हाडलंस?"

वालावलच्या तिच्या घराच्या मागच्या अंगणात मी उभी होते. रात्रभराच्या प्रवासाने पाय सुजले होते. काय आणलंस, असं ती विचारतेय ते मला कळलं नाही. मी पिशवीतून बाकरवडीचा पुडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो न बघताच बाजूच्या पाण्याच्या दगडी धोणीच्या कडेवर ठेवला आणि हात पुन्हा तसाच धरला.

"ह्या नको गो. औषध. कोंबयांचा."

२००८ सालची, दिवाळीनंतरची ती सकाळ. त्यानंतर प्रयोगशाळेत माझे कितीतरी प्रयोग फसले, पण त्या रिकाम्या तळहातासमोर जसं झालं तसं पुन्हा कधी झालं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. वडील मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारी करत, आई बाजारात मासे विकायला बसे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. १९९८ साली मी दहावी झाले आणि सायन्सला जायचं म्हणाले, तेव्हा वडील जाळं सांधत राहिले. आत्या म्हणाली, "चेडवाक माझ्याकडे धाडा. कुडाळाक एसटी माझ्या दारातसून जाता." दोन वर्षं मी तिच्याकडे राहिले. बारावीच्या प्रत्येक पेपराच्या सकाळी ती मला दोन उकडलेली अंडी सोलून देई आणि मी खाऊन होईपर्यंत समोरून हलत नसे. पुढे मी जे काही शिकले त्याचा पाया त्या दोन वर्षांत आहे. ती नसती तर मी आज हे लिहिलं नसतं.

पदवीच्या शेवटच्या वर्षी, २००३ मध्ये, परदेशात सार्सची साथ पसरल्याच्या बातम्या हॉस्टेलच्या टीव्हीवर येऊ लागल्या. आमच्या सरांनी फळ्यावर काटे असलेला एक गोळा काढला आणि हा कोरोनाविषाणू, असं सांगितलं. मग जाता जाता ते म्हणाले, की या कुळातला सर्वांत आधी सापडलेला विषाणू माणसातला नव्हे, कोंबड्यांतला आहे. श्वासाचा आजार होतो, कोंबड्या शिंकतात, अंड्यांची कवचं बिघडतात. वर्गात कोणालाच त्यात काही वाटलं नाही. मला मात्र आत्येची कोंबड्यांची शेड आठवली.

म्हणूनच एम.एस्सी. झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्याच विषाणूवर काम आहे असं कळलं तेव्हा मी दुसरीकडे अर्जच केला नाही.

काम होतं मायक्रोआरएनएचं. पेशीच्या आत हुकमाच्या चिठ्ठ्या फिरत असतात, हे प्रथिन कर, ते कर, अशा. मायक्रोआरएनए हे पेशीचेच बारीक तुकडे, जेमतेम वीस-बावीस अक्षरांचे. ते एखाद्या चिठ्ठीवर जाऊन चिकटतात आणि मग ती चिठ्ठी वाचली जात नाही. कोरोनाविषाणू म्हणजे मुळात एक लांबलचक चिठ्ठीच. तो पेशीत शिरतो आणि पेशीला आपले हुकूम वाचायला लावतो. तर त्याच्या चिठ्ठीला नेमके चिकटतील असे तुकडे तयार करून पेशीत सोडले, तर त्याची वाढ थांबेल का, हा आमचा प्रश्न. लस असताना हा उद्योग कशासाठी? तर हा विषाणू रूप बदलतो आणि एका रूपावरची लस दुसऱ्या रूपावर कधीकधी कमी पडते. चिठ्ठीतले काही भाग मात्र सहसा बदलत नाहीत. आम्हाला ते भाग धरायचे होते.

२००८ च्याच चतुर्थीला घरी आले तेव्हा हे सगळं मी आत्येला सांगितलं होतं. ती मोदकाची पारी करत होती.

"म्हणजे तुमी पोस्टमनाक अडवतास," ती म्हणाली.

"पोस्टमनाक नाय गो आते. तो येताच. आमी पत्रावर शाई सांडतो. वाचूकच गावता नये."

"बरा आसा. आमच्या पोस्टमनाक शाईची गरज नाय, तो वाटेतच भिजवता."

आणि सुट्टी संपवून परत गेल्यावर दोनच आठवड्यांत आमचा एक तुकडा चालला. प्लेटमधल्या पेशींत विषाणू स्पष्टपणे कमी झाला. मी इतकी हरखले की दुपारीच बाहेर जाऊन आत्येच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "आते, जमला. औषध चालला. लस काय दर वेळी चालणा नाय, पण ह्या चालतला."

एवढंच बोलले मी. प्लेटमधल्या पेशी आणि शेडमधली कोंबडी यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे, ते बोलले नाही. खरं तर तेव्हा मला स्वतःलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

आता अंगणात, तिचा हात माझ्यासमोर असताना, शेडमधून आवाज आला. घरघर. ओल्या नळीतून हवा ओढावी तसा. मग शिंका, एकामागून एक. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. आत शंभराच्या वर कोंबड्या. बऱ्याच मान ताणून, चोच उघडी टाकून उभ्या होत्या. कोपऱ्यातल्या टोपलीत अंडी होती. सुरकुतलेली, खडबडीत, काही इतक्या पातळ कवचाची की बोटाखाली दबतील. असली अंडी मी तोवर फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिली होती.

पहिला विचार आला तो असा, की हे मीच इथे आणलं का? प्रयोगशाळेत नियम होता, विषाणू हाताळणाऱ्याने काही दिवस कुठल्याही कोंबडीखान्यात पाय ठेवायचा नाही. मी मनात दिवस मोजले. चतुर्थीला मी शेडकडे फिरकले नव्हते, आणि आजार सुरू झाला दिवाळीच्या सुमारास. मी नव्हते. तरी दाराचा उंबरा ओलांडायची हिंमत झाली नाही.

आत्येला ते वेगळंच दिसलं. "शिकलंस म्हणान आता शेडीत येणस नाय?"

"तसा नाय गो. पण ह्येंका लस दिली नव्हती?"

"पिलां होती तेवा एकदा दिली. दुसरी राहिली."

"कशी राहिली? डॉक्टर इले नाय?"

"इले. दोनदा इले. मी परत धाडलंय." ती अगदी सहज म्हणाली. "तूच सांगललंस, लस चालणा नाय. आमच्या चेडवाचा औषध येताला म्हणान सांगलंय तेंका."

मी धोणीच्या कडेवर बसले. बाकरवडीचा पुडा माझ्याखाली चुरगळला. ते वाक्य माझंच होतं. मागचं पुढचं गळून गेलेलं, पण माझंच.

दुपारी मी कुडाळला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना भेटले. ते घाटावरचे, वयाने माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी आवाज चढवला नाही, याचंच जास्त लागलं.

"मी आत्यांना सांगितलं, आपल्याकडे जे आहे ते पाण्यातून पाजून घेऊ, तुमच्या भाचीचं आलं की तेही देऊ. तर म्हणाल्या, तुम्ही जास्त शिकलात की ती?" ते किंचित हसले. "मला खरंच माहीत नव्हतं कोण जास्त शिकलंय."

"आता देऊन?"

"ज्या आजारी आहेत त्यांना आता देऊन उपयोग नाही. ऊब ठेवा, दुसरा जंतू शिरू नये म्हणून बघू. बऱ्याचशा जगतील, पण अंडी पूर्ववत येतीलच असं नाही. मला काळजी आहे ती पिलांची."

पिलं? मला पिलांचं कोणी सांगितलंच नव्हतं. आत्येने दहा दिवसांपूर्वी साठ नवी पिलं आणली होती आणि ती पुढच्या पडवीत, बल्बखाली ठेवली होती. आजार अजून तिथवर पोचला नव्हता. पण एकच अंगण, आणि दोन्हीकडे जाणारी एकच आत्या.

घरी येऊन मी तिला म्हटलं, "उद्या डॉक्टर येतले. पिलांका लस देऊया."

"जमाचा नाय."

"आते, माझा औषध तयार नाय. ता फक्त काचेच्या भांड्यात चालला. जित्या कोंबडीक अजून कोणी दिला नाय."

हे ऐकून ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. ती घाबरली.

"मगे राखणदाराक काय सांगू?"

तेव्हा मला उरलेलं कळलं. माझा फोन आला त्याच आठवड्यात वाडीवर राखणदाराचं, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचं, वर्षाचं गाऱ्हाणं होतं, सगळ्यांनी मिळून घालायचं साकडं. आत्येने गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांकरवी सांगवून घेतलं होतं, की चेडवाच्या औषधाने कोंबयो राखल्या तर तुला कोंबा देईन. तसा तांबडा, मोठ्या तुऱ्याचा कोंबा तिने वेगळ्या झापाखाली, बांबूच्या पालथ्या टोपलीत, राखूनही ठेवला होता. सगळी वाडी "व्हय महाराजा" म्हणाली होती. आता तिच्या हिशेबाने बोली एका औषधाची झाली होती. दुसरं औषध घालणं म्हणजे राखणदाराला खोटं पाडणं. डॉक्टरांना तिने पहिल्यांदा परत पाठवलं ते माझ्या वाक्यामुळे खरं, पण दुसऱ्यांदा परत पाठवलं ते राखणदाराला दिलेल्या शब्दामुळे.

मी विज्ञान शिकलेली. पण त्या पडवीत पिलांची चिवचिव ऐकत मला तिला हे थोतांड आहे असं म्हणवेना. तिच्या त्याच विश्वासावर मी बारावी झाले होते. शिवाय खोटं पडलं होतं ते राखणदाराचं नव्हतं, माझं होतं.

सकाळी मी मानकऱ्यांकडे गेले. वयाने ऐंशीच्या घरातले, अंगणात सुपारी कातरत बसलेले. मी म्हटलं, "आबानू, आतेन शब्द घातलोसा तो चुकीचो आसा. माझा औषध तयार नाय. मी फोनवर उगाच बोललंय."

ते कातरायचे थांबले. "उगाच म्हणजे खोटा?"

"खोटा नाय. अर्धा."

"अर्धा बोलणा देवाकडे चलणा नाय. माणसांकडे चलता." त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "पण शब्द मोडूचो कित्याक? मुदत वाढवून मागूची. तेका ता समाजता. मात्र तुया उभा रव्हाक व्हया. तुझ्याच तोंडान."

मला वाटलं होतं ते एकटेच येतील. पण आडवाटेला, राखणदाराच्या तुळतुळीत पाषाणाजवळ, वाडीतली वीसेक माणसं जमली. चुलते, शेजारणी, बारावीला मला बोरं आणून देणारी म्हातारी. या सगळ्यांनी माझ्या पदवीच्या दिवशी आत्येकडे पेढे खाल्ले होते. मी चप्पल काढून उभी राहिले आणि सांगितलं, की औषध झालेलं नाही, कधी होईल ते मला माहीत नाही, झालंच नाही असंही होऊ शकतं. पाठीमागून कोणीतरी कुजबुजलं, "मगे इतकी वर्सां शिकला काय?" आत्येने वळून त्या दिशेला अशी नजर टाकली की पुढे कोणी बोललं नाही.

मानकऱ्यांनी हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या लेकराचा औषध अजून चुलीर आसा. तवसर सरकारी डॉक्टराच्या हातान ह्यां पिलां राख. कोंबो तुझोच, तो खंय जाणा नाय."

"व्हय महाराजा."

अकरा वाजता डॉक्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन आले. आत्येने पिलांचं पाणी आधीच काढून ठेवलं होतं, म्हणजे ती तहानलेली असतील आणि औषध भराभर पितील. हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. मी पडवीच्या पायरीखाली, दूर उभी राहून पिलं पिताना बघितली.

मोठ्यांतल्या काही मेल्या. बऱ्याच जगल्या, पण त्यांची अंडी शेवटपर्यंत सुरकुतलेलीच राहिली. आत्येने ती कधी बाजारात नेली नाही. पिलं वाढली, तलंगा झाल्या, आणि दुसऱ्या डोसाच्या दिवशी तिने स्वतः कुडाळला जाऊन डॉक्टरांना गाडीत बसवून आणलं, असं वडलांनी मला सांगितलं.

२०१० मध्ये तिचा फोन आला. आता तिच्याकडे मोबाइल होता.

"कोंबो म्हातारो झालो," ती म्हणाली. "चोच वाकडी झाली तेची. तुझा काम खंयसर इला?"

या वेळी मी शब्द तोलले आणि मग बोलले. "काचेतसून अंड्यापर्यंत इला, आते. उबवणीच्या अंड्यात आता बघतो. थंय कधी चालता, कधी नाय. जितो कोंबो अजून लांब आसा."

मग ती कोणाला तरी, बहुतेक झापाखालच्या त्या कोंब्याकडे वळून, म्हणाली, "ऐकलंस रे? खा आणि गप बस. अजून तुझो नंबर नाय."