पूर्वपक्षाची सहा पानं

डोंगरकडा गावच्या सुकन्याला एम.ए. पूर्ण करायला उरला होता एकच पेपर, प्राचीन आणि मध्ययुगीन भारतीय तत्त्वज्ञानाचा. त्यात ती दोनदा आपटली होती, एकदा अठ्ठावीस मार्क, एकदा एकतीस. पास व्हायला चाळीस लागत. यंदा नापास झाली तर नोंदणीची मुदत संपणार होती आणि सहा वर्षांचं सगळं केलेलं वाया जाणार होतं.

वय चव्वेचाळीस. सकाळी अंगणवाडी, लेकरांची वजनं, खिचडी, मोबाईलवर नोंदी. लेकरं घरी गेली की तिथल्याच सतरंजीवर पुस्तक उघडायचं. दुसऱ्या पानावर डोळे मिटायचे. हौसेचं शिक्षण म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी बसून पाहावं.

ती ढ मुळीच नव्हती. तिची अडचण वेगळीच होती. जुने पंडित आपलं मत मांडायच्या आधी विरोधकाचं म्हणणं पुरतं मांडत, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो खोडून आपलं मत सांगायचं, तो सिद्धान्त. उत्तरही तसंच लिहायचं असतं. पण या पेपरातल्या बऱ्याच ग्रंथांत विरोधक कोण, तर बौद्ध. आणि सुकन्या विहारात वाढलेली. सगळं क्षणाक्षणाला बदलतं, दिव्याची ज्योत एकच दिसते पण दर क्षणी नवी असते, हे लिहायला लागली की तिचा हात थांबत नसे. सहा पानं भरायची. मग घंटा व्हायची. सिद्धान्त कोराच.

तालुक्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले नरसिंग सर तिला शिकवत. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा ते कावले.

"बाई, तुमी परीक्षेला जाता की वकिलीला?"

"सर, त्याचं म्हणणं पुरं मांडा, हे तुमीच शिकवलं."

"पुरं म्हणजे तीन तास न्हाई! समोरच्यालाबी बोलू द्या की. त्याचं काय चुकलं?"

समोरचा, म्हणजे आत्मा मानणारा ग्रंथकार, म्हणायचा, सगळंच क्षणात संपत असेल तर काल पाहिलेलं आज आठवतं कुणाला? पाहणारा आणि आठवणारा एकच हवा, म्हणून आत्मा आहे. सुकन्याला हे पाठ होतं. लिहायचं मात्र जिवावर यायचं.

परीक्षेच्या सकाळी ती हिंगोलीच्या एसटीत बसली. लेक ऐश्वर्या सोबत होती.

"मम्मे, यंदा सिद्धान्त आधी लिही. सरळ उलटं कर."

"असं करत न्हाईत."

"दोनदा बराबर केलं, काय मिळालं? एकतीस!"

सुकन्यानं खिडकीला डोकं टेकलं. भांडायलाही जोर लागतो.

प्रश्न तोच आला. तिनं पेन उघडलं आणि बराच वेळ नुसतं धरलं. चुकण्याची भीती आता उरलीच नव्हती, फक्त फार दमल्यासारखं वाटत होतं. मग वरचं निम्मं पान कोरं सोडून तिनं खाली लिहिलं, 'सिद्धान्त'. आणि आठवण्याचा मुद्दा मांडायला लागली. गेल्या साली याच हॉलमध्ये नापास झालेली बाई आणि आत्ता दुखऱ्या पाठीनं बसलेली बाई एकच नसेल, तर ही शरम कुणाची? उदाहरण पुस्तकात नव्हतं. ते आपल्याच माणसाविरुद्ध इतकं चपखल बसलं की तिला स्वतःचाच राग आला. तरी तिनं ते खोडलं नाही. समोरच्याला चार पानं दिली, प्रामाणिकपणे. वीस मिनिटं उरली तेव्हा वर सोडलेल्या जागेत बौद्धाचं म्हणणं बारीक अक्षरात कोंबलं. ज्योत दोन ओळींत उरकली.

निकाल ऐश्वर्यानं मोबाईलवर पाहिला. "त्रेचाळीस! मम्मे, पास!" पेढे आणायला निघायच्या आधी तिनं सरांना फोन लावून आईच्या हातात दिला.

"अभिनंदन, बाई! कसं जमलं?"

"आपल्या माणसाला निम्मं पान दिलं सर. फार कमी दिलं."

"दुसऱ्याचं नीट मांडलं ना?"

"व्हय. त्यात खोट न्हाई ठेवली."

"मग झालं की. आता पीएचडीचं बघायचं का?"

"आधी झोपू द्या," सुकन्या म्हणाली. तिनं फोन लेकीच्या हातात दिला आणि भर दुपारी खोलीचं दार लावून घेतलं.