उभ्याने पेरलेले मटार

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणतात. चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाठीच्या ऑपरेशननंतर मी सहा आठवडे खाटल्यावरच होते, आणि हरीने मला दिली ती मागच्या अंगणाकडची एक खिडकी. तिच्यातून रोज सकाळी दिसायचं की माझ्या वाफ्यात हरळी माजली आहे आणि आमचे हे, ऑफिसला निघण्याआधी, मोठ्या भक्तिभावाने तिला पाणी घालताहेत.

"अहो, ते गवत आहे!" मी आतून ओरडायची.

"असू दे गं, हिरवं दिसतंय ना," हे म्हणायचे आणि उरलेली बादलीही तिथेच ओतायचे.

मी नगरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. स्वस्थ बसणं मला कुणी शिकवलंच नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, पट्टा काढायचा नाही. पुढे पुढे व्हरांड्यात फेऱ्या मारायची परवानगी मिळाली. दहा सांगितल्या की मी तीस मारायची. हात शिवशिवत होते. उगीच फडताळातले डबे इकडचे तिकडे करायचे, शाळेतून आलेल्या मुलीवर विनाकारण खेकसायचं, मग तिला जवळ घेऊन आपणच रडकुंडीला यायचं, असं चाललं होतं.

खरी तगमग वेगळीच होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. माझ्या डाव्या पावलाला काही कळत नव्हतं. बोटांपासून टाचेपर्यंत ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "आता छान आहे." कारण दवाखान्यात भरती होण्याआधी हे म्हणाले होते, "पुन्हा काही निघालं तर तू माहेरी जा, पोरीला पुण्याला भावाकडे ठेवू, मी इथे राहीन एकटा." काळजीनेच बोलले होते. पण मी तेव्हाच मनाशी ठरवलं, तीन माणसांचं घर तीन गावांना वाटू द्यायचं नाही. पाऊल येईल ताळ्यावर, कुणाला कळायच्या आत.

दसरा झाला. शेजारच्या सरदारणीने कुंपणावरून मूठभर मटार दिले. "भैणजी, हुण बीज लओ, फेर ठंड पै जाणी ऐ," म्हणजे आता पेरून घ्या, मग थंडी पडेल, असं म्हणाली. ह्यांनी मागच्या रविवारी माझ्या शिव्या खात वाफा खणून ठेवलाच होता. हे पुढच्या रविवारी पेरणार होते, पण त्यांच्या हातची पेरणी म्हणजे पुन्हा हरळीच. मला राहवेना.

आमच्या गावाकडे पेरताना बायका पाभरीमागून चालत तिच्यावरच्या चाड्याच्या नरसाळ्यात मूठ सोडतात, दाणा नळीतून थेट जमिनीत पडतो. वाकायचं कुठे येतं? विजेच्या वायरिंगचा एक उरलेला पाइप होता. त्याच्या तोंडात रॉकेलचं नरसाळं बसवलं, पट्टा घट्ट केला आणि भरदुपारी, घरात कुणी नसताना, मी वाफ्यात उतरले. डाव्या पायातली चप्पल सारखी निसटून मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा, म्हणून दोन्ही काढून टाकल्या. पाइपच्या टोकाने रेघ ओढायची, नरसाळ्यात दाणा टाकायचा, पायाने माती सारायची. बिल्डिंग नवी, त्यामुळे वीतभर मातीखाली सगळा विटांचा रोडा. तरी तीन ओळी पुऱ्या केल्या, आणि एकदाही वाकले नाही. साफ सांगते, मला फार आनंद झाला होता. आत येऊन माठातलं पाणी प्यायले आणि गुणगुणत व्हरांड्यात उभी राहिले.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. आमच्याशी ती हिंदीतच बोलायची. "आई, खून!" ती किंचाळली. "आपके पैर से खून आ रहा है!"

मागच्या दारापासून माठापर्यंत आणि माठापासून माझ्यापर्यंत एकाच पावलाचे लाल ठसे उमटले होते. डाव्या तळव्यात काचेचा तुकडा रुतला होता. तो मुलीने काढला. मी फडकं बांधलं आणि तिला म्हटलं, "कसलं दुखतंय, एवढंसं तर आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं आणि म्हणूनच मला घाम फुटला.

संध्याकाळी हे आले, आधी पेरणीवरून यथेच्छ बोलले, मग जमिनीवर बसून माझं पाऊल मांडीवर घेतलं. मुलगी टिंक्चर आयोडिनची बाटली आणि कापूस घेऊन आली. आमच्या घरात आयोडिन लावताना कुणी ओरडलं नाही असं कधी झालं नव्हतं. मलाही ओरडणं भाग होतं. मी तोंड खिडकीकडे वळवलं, बूच निघाल्याचा आवाज आला, आणि अंदाजाने कळवळले, "आई गं! केवढं झोंबतंय हो!"

मी वळून पाहिलं. बाटलीचं बूच अजून त्यांच्या दातांत होतं. कापूस कोरडा होता.

ह्यांनी बूच तोंडातून काढलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी आधी चिडून पाहिलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले आणि रडू लागले. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि माझं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं. त्यांनी ते धरलं आहे, हे मला नुसतं दिसत होतं.