राजाला ऊन लागलं तेव्हा

गुडघ्यांना लावायला खोबरेलात कापूर घालून गरम केलं, की त्या वासानं मी गडब गावातल्या आमच्या ओटीवर जाऊन पोचते. तिथे आमचा तेरा वर्षांचा कुत्रा, राजा, आडवा पडलाय. जीभ बाहेर आलीय, मागचे पाय हलत नाहीत, आणि माझे यजमान ओल्या गोणपाटानं त्याचं अंग पुसतायत.

मी नुकतीच वालाच्या शेतातून परतले होते.

"ऊन लागलं त्याला. डॉक्टर सुई देऊन गेला," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही घरात होतात ना? मुकं जनावर अंगणात तडफडतंय आणि तुम्ही झोपा काढताय?"

रात्रपाळी करून ते सकाळीच रोह्याच्या कंपनीतून आले होते. तरी उलट बोलले नाहीत. "तेल गरम कर गो, पाय चोळू त्याचे," एवढंच म्हणाले.

तीन आठवडे मी राजाला चमच्यानं पेज भरवली, दात-ओठ खात त्याचे पाय चोळले, आणि ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. लंगडत का होईना, राजा उठला.

शेतात मागे मागे येतो म्हणून त्या सकाळी त्याला शेवग्याला बांधून मीच गेले होते. दुपारी सावली सरकली. दावं ह्यांनीच सोडलं असणार, पण ते कधी तसं बोलले नाहीत.

आता ते नाहीत, आणि मला अजून त्यांचाच राग येतो. त्यांनी एकदा तरी म्हणायचं होतं, "तूच बांधलं होतंस."