अण्णांची पाळी

"साहेब, माझी पाळी कवा?" असं म्हणत अण्णा उभे राहिले की नगरपालिकेच्या सभागृहात खसखस पिकायची. उजवा हात वर, डाव्या हातात टोपी. सोलापूरच्या विणकर वस्तीनं निवडून दिलेला हा माणूस घरी तेलुगू बोले, सभेत आमच्याकडची मराठी. पण सभेत त्यांना बोलू देतंय कोण! मी तेव्हा एका साप्ताहिकासाठी सभांच्या बातम्या लिहीत असे, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

बोलण्याच्या पाळ्या निम्म्या अध्यक्षांच्या गटाला, निम्म्या विरोधकांना; अण्णा विरोधकांतले. एके दिवशी अध्यक्षांच्याच गटातले चौघे उठून विरोधकांच्या बाकावर येऊन बसले. मतं अध्यक्षांना द्यायची आणि पाळ्या विरोधकांच्या घ्यायच्या! चौघे आळीपाळीनं उठत, अध्यक्षांच्या कारभाराची वाखाणणी करत आणि वेळ संपवत. त्यांत एक वकील होते, मोठे गोड गळ्याचे. सगळ्यांत लांब तेच बोलत.

"ही तुमचीच मान्सं हायत की, साहेब! आमच्या ताटातलं का जेवत्यात?"

"बसा, अण्णा. पुढल्या सभेत बघू."

अण्णांना सांगायचं होतं ते एवढंच, की वस्तीतल्या विहिरीत गटार झिरपतंय, ती बुजवा आणि नळ द्या. मी ते छापलंही होतं. अण्णा म्हणाले, "छापून काय हुतंय? सभेत बोललो तरच ठराव मांडता येतोय."

उन्हाळ्यात वस्तीत पटकी आली. त्या महिन्याच्या सभेत वकील बोलत असतानाच अण्णा बाकावर चढले. "मान्सं मराय लागलीत! त्या हिरीत..."

अध्यक्षांनी घंटा बडवली. पट्टेवाल्यांनी अण्णांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर नेलं. ओढाताणीत धोतर सुटलं. वकील म्हणाले, "चला, अण्णांनी अखेर सगळं उघड केलं!" हसता हसता अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या सभेला अण्णा नव्हते. पटकीनं त्यांनाही नेलं होतं. साथ आता बड्यांच्या पेठांकडे सरकली होती, म्हणून विहिरीचा विषय प्रथमच कामकाजात आला होता. पण आधी दुखवटा. चौघेही बोलले. वकिलांनी तर मधूनमधून डोळे टिपले. किती तरी वेळ ते बोलत राहिले आणि घंटा काही वाजली नाही. मग दिवंगत सभासदाच्या सन्मानार्थ सभा तहकूब झाली. तुम्ही अशा सभा पाहिल्या असतील, तर सगळे किती समाधानानं उठतात तेही पाहिलं असेल.

दुखवट्यासाठी बोलावून आणलेली अण्णांची बायको बाहेर पायरीवर बसली होती.

"काय ठरलं?"

"अण्णांबद्दल फार चांगलं बोलले, वहिनी."

"आन् हिरीचं?"

मी नकारार्थी मान हलवली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला.

"मग जाते मी. पाणी भरायचं हाय."